जिन्नस क्रमांक दोन

१

कृष्णनाथाला घाण दिसायच्या आधी तिचा वास यायचा, आणि वास यायच्या आधी नुसती शंका यायची. सकाळी पोदेर पाव टाकून गेला की हा पावाची खालची साल सोलून फेकायचा, कारण पोदेराची टोपली वाटेत कुठल्या पायरीवर टेकली ते कोणी बघितलंय? कचेरीत त्याचा कप वेगळा, कपाचं झाकण वेगळं आणि झाकण पुसायचं फडकं त्याहून वेगळं. रस्त्यात चिखल आला की दहाही बोटं वर उचलून नुसत्या टाचांवर चालायचा, बदकासारखा. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मंगलाष्टकं ऐकायची सोडून हा त्यावरचा हळदीचा डाग नखानं खरवडत होता, असं त्याची बायको पद्मावती सांगायची, आणि पद्मावतीला खोटं बोलायची सवय नव्हती.

असल्या माणसाला सरकारनं नेमलं कुठं, तर डिचोलीच्या एका गोदामात, चोरांकडून पकडलेल्या देवांवर.

कचेरीच्या मागं लांबलचक कौलारू पडवी, एक दार, गजांची दोन जनेलं. आत समया, पालखीचे दांडे, ख्रिस्त्यांच्या कुठल्याशा कपेलातले लाकडी संत आणि हात-पाय तुटलेल्या मूर्ती. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर खटल्याचा नंबर. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत देवानं तिथंच उभं राहायचं. रोज नऊ वाजता कृष्णनाथ कुलूप उघडायचा, चिठ्ठ्या मोजायचा, झाडणारी शेवंती केर काढायची, आणि तिनं काढलेला केर पुरेसा निघाला नाही म्हणून हा तिच्यामागून पुन्हा काढायचा.

कोपऱ्यात वाडगिण्याचा वेताळ होता. छातीइतका उंच, काळ्या दगडाचा, उघडाबंब, पोटावर विंचू कोरलेला, दात विचकलेले. सत्याऐंशी साली देवळातून उचलला गेला आणि तीन महिन्यांनी हरमलला एका गोऱ्या पाहुण्याच्या भाड्याच्या खोलीत सापडला. खोक्यावर लिहिलं होतं, वेताच्या खुर्च्या. गोरा जामिनावर सुटला तो सुटलाच. खटला अकरा वर्षं रांगला. आणि अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात हुकूम झाला की मूर्ती गावाला परत द्यावी, वाजतगाजत, अमुक शुक्रवारी.

कृष्णनाथाला निवृत्त व्हायला चार महिने होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक शेरा नव्हता, एक डाग नव्हता. जाता जाता देव असा लख्ख करून द्यायचा की पाहणाऱ्यांनी बोटं तोंडात घालावीत, असं त्यानं ठरवलं.

२

वेताळाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा थर होता. बोट लावलं तर चिकटून राहायचं. त्यात मुंग्या, केस, उदबत्तीची काडी, कुणाचं तरी नख. कृष्णनाथानं गरम पाण्याच्या बाल्दीत सोडा घातला, तोंडाला तुवालो बांधला आणि दोन दिवस उलथन्यानं तो थर खरवडला. भांड्याच्या बुडाची खरवड निघावी तसे पापुद्रे निघत होते. खालचा दगड फिकट होता, जखमेवरची खपली काढल्यावर कातडी दिसते तसा.

पायाशी वहाणांचा एक जोड पडलेला होता. कातड्याचा, हातभर लांब, बुरशीनं हिरवा, एका टाचेतून आरपार भोक. भोकात काहीतरी मऊ वळवळत होतं.

"बाब, तेंका हात लावू नकात हां," शेवंती केरसुणी टेकवून म्हणाली.

"हात कोण लावतंय? चिमट्यानं उचलतोय."

"चिमट्यानंय नको."

"तुझ्या घरी घेऊन जातेस का? जा. उशाशी ठेव."

शेवंती तोंडात पदर धरून बाहेर गेली. कृष्णनाथानं वहाणा मागच्या अंगणात नेल्या, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. आधी केस जळल्यासारखा वास आला. मग मटण करपल्यासारखा. आणि मग, ही गोष्ट त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितली नसती, मटण नीट शिजल्यासारखा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. ते लक्षात आलं तसा तो चाफ्याच्या बुंध्याशी जाऊन ओकला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या मोजताना तो वेताळापाशी थांबला. दगडी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चिखल होता. ओला.

"शेवंती! हे काय झाडतेस का माखतेस?"

"मी खंय तेच्या पायाकडे जातंय?" ती दारातूनच म्हणाली.

छप्पर गळत असेल. पण छपराखाली जमीन कोरडी होती. घूस असेल. पण घूस काही बेचकीबेचकीत चिखल भरत बसत नाही. कृष्णनाथानं दात घासायचा जुना ब्रश आणून पाय घासले. चिखलात खाणीच्या मातीची चकाकी होती. करड्या-निळ्या कचकचीत कणांची. डिचोलीत तसली माती ट्रकांच्या टायरांना असते, हे त्यानं स्वतःला समजावलं. ट्रक गोदामात कसा शिरला, हे समजावलं नाही.

त्याच्या पुढल्या दिवशी चिखलात शेण होतं. त्याच्याही पुढल्या दिवशी चिरडलेली गोगलगाय, तिचं शेंबडासारखं अंग दगडी अंगठ्याला चिकटलेलं.

आणि त्याच दिवशी कोर्टाकडून कागद आले. परत करायच्या मुद्देमालाचा पंचनामा. जिन्नस क्रमांक एक : काळ्या दगडाची मूर्ती, एक नग. जिन्नस क्रमांक दोन : चामडी वहाणा, जुन्या, एक जोड.

कृष्णनाथ खुर्चीत बसला, उठला, खुर्ची पुसली आणि पुन्हा बसला. बत्तीस वर्षांत कागद वाचल्याशिवाय त्यानं काही केलं नव्हतं. पंचनाम्याखाली गोऱ्याची जबानी होती. मूर्ती मी आणली, असं तो म्हणत होता. वहाणा मी आणल्या नाहीत. मूर्ती खोलीत ठेवली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दाराबाहेर होत्या. मला वाटलं घरमालकाच्या असतील.

४

वाडगिण्याचा बाबली गावकार मूर्ती बघायला आला. सत्तरीचा, काटकुळा, अनवाणी. तोंडात पानाचा तोबरा. त्याच्या पायांना घोट्यापर्यंत लाल माती होती आणि त्या पायांनी तो पुसलेल्या फरशीवर आला. कृष्णनाथानं डोळे मिटून घेतले.

बाबली वेताळासमोर उभा राहिला. हात जोडले. मग मान तिरकी केली.

"कृष्णनाथबाब, ह्येका सोयरिकीक व्हरतास काय? केवढो गोरो केल्यात!"

"स्वच्छ केलाय."

"बरा केल्यात. अकरा वर्सां न्हाण नाय." बाबली वाकला, बोटांच्या बेचक्यांकडे बघितलं. सकाळी घासलेल्या होत्या, तरी एका नखाच्या कडेला लाल रेघ राहिलीच होती. बाबलीनं ती बघितली. "आणि व्हाणा खंय आसत?"

"आहेत. सीलबंद. शुक्रवारीच उघडायच्या, तसा नियम आहे."

"आसूं दे, आसूं दे. दर वर्साक गाव तेका नवी जोडी दिता. रातचो गावाक फेरो घालता, वर्स सरता आणि टाच झिजान जाता."

"उंदीर खात असतील."

"उंदीर?" बाबली इतका हसला की पानाचा एक लाल थेंब फरशीवर उडाला. "नुसती टाच खावन जाणारो उंदीर माका दाखया मरे, तेचीय पूजा करू!"

कृष्णनाथ त्या थेंबाकडे बघत होता. "समजा," तो म्हणाला, "समजा त्या वहाणा नसत्या. दुसऱ्या कुणाच्या ठेवल्या तर चालत नाही का?"

बाबलीचं हसू तोंडातच राहिलं.

"तेका चलतत. तेका काय, पायात काय तरी होया. पण मगे ज्येच्यो व्हाणा, त्येका..." त्यानं जनेलातून बाहेर पिंक टाकली.

"त्याला काय?"

"तुमच्याकडे सीलबंद आसत न्हय? मगे कित्याक इचारतास?"

५

खरं सांगून टाकता आलं असतं. पण मग चौकशी, पेपरात नाव, देवाची वस्तू गिळली म्हणून. शेवटच्या चार महिन्यांत डाग. आणि मला सांगा, जो माणूस पावाची साल सोलून टाकतो त्यानं जन्मभर चोर म्हणून कसं फिरायचं? कृष्णनाथाला देवाला फसवायचं नव्हतं. फक्त कागदाला फसवायचं होतं.

घरी त्याचा स्वतःचा एक जोड होता. सावंतवाडीच्या चांभाराकडून करून घेतलेला, देवळात जाण्यापुरता वापरलेला. आत त्याच्या अंगठ्याचा वळ उमटलेला होता. त्यानं सुरीनं डाव्या वहाणेचा एक कोपरा छाटला, टाचा कानशीनं घासल्या, करंजेल चोळलं. तरी वास काही जुना येईना. शेवटी पद्मावती देवळात गेली असताना त्यानं मासळी धुतलेलं पाणी घमेल्यात ओतलं आणि वहाणा त्यात दोन दिवस बुडवून ठेवल्या. बाहेर काढताना त्यांवर खवले चिकटले होते. तो नाक दाबून, डोळ्यांत पाणी आणून, एकेक खवला बोटांनी वेचत होता.

बुधवारी त्यानं वहाणा वेताळाच्या पायाशी ठेवल्या.

गुरुवारी सकाळी दगडी पाय स्वच्छ होते. बेचक्यांत चिखलाचा कण नाही. कृष्णनाथाला इतकं हायसं वाटलं की तो चक्क शीळ घालू लागला. मग त्याचं लक्ष वहाणांकडे गेलं. तळ लाल चिखलानं थबथबलेले होते. त्यानं एक उचलून आत बोट घातलं. आत ऊब होती, नुकतीच कुणी पायातून काढावी तशी.

आणि दगडाच्या उजव्या घोट्यावर जळू होती. काळ्या द्राक्षासारखी टरारलेली, पोट भरलेली, चकाकणारी.

दगडावर जळू चढू शकते. पावसाळा आहे. पण चढून तिनं प्यावं काय? त्यानं चिमटा आणला, जळू ओढली, ती लांब झाली, अजून लांब झाली आणि फुटली. चिमट्यावर, मनगटावर, पांढऱ्या बाहीवर रक्त उडालं. कोमट. तो नळाखाली हात धरून अर्धा तास उभा राहिला. शेवंती दारातून बघत होती.

"बाब," ती म्हणाली, "तुमच्या मोज्याक काय लागला?"

त्यानं खाली बघितलं. पांढऱ्या मोज्यावर, उजव्या घोट्याशी, रुपयाएवढा लाल डाग पसरत होता. मोजा खाली केला. कातडीवर तीन टोकांची बारीक जखम, आणि रक्त थांबत नव्हतं.

६

शुक्रवारी उजाडल्यावर पद्मावतीनं त्याला हलवून उठवलं.

"अहो, हे काय? पायथ्याची चादर बघा!"

चादरीवर लाल चिखल होता. त्याच्या पावलांना भेगांत माती होती, डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता आणि बोटांमध्ये शेण सुकून पापडी झाली होती.

"झोपेत चालता काय हल्ली? कडी तर आतून होती."

रात्री झोपताना त्यानं पाय सात वेळा धुतले होते आणि तुवालोमध्ये गुंडाळले होते. तुवालो आता उंबऱ्यावर होता. चार घड्या घालून, कडेला कड जुळवून ठेवलेला. तशा घड्या घरात एकच माणूस घालायचा.

पद्मावतीनं चादर दोन बोटांनी उचलली आणि नाकाजवळ न नेताच तोंड वाकडं केलं. "मासळीचा वास येतोय तुमच्या पायांना," ती म्हणाली. तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा नवऱ्याकडे असं बघितलं, आणि असं बघणं म्हणजे काय ते कृष्णनाथाला बरोबर कळलं, कारण जन्मभर तो सगळ्या जगाकडे तसंच बघत आला होता.

दहा वाजता गाव गोदामाच्या दारात आला. ढोल, ताशे, अबोलीचे हार, टेंपोला केळीचे खुंट. बाबलीनं वहाणा हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या, छाटलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला. आत बघितलं.

"कृष्णनाथबाब," तो हळूच म्हणाला, ढोलाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं, "ह्यो तेच्योच मां? आता सांगलास तर आता हातातल्यो हातात परत दितंय. नवी जोडी चांभाराकडे सांगून ठेवलंय."

कृष्णनाथाच्या टाचेत मोडलेला काटा ठणकत होता. साहेब रजिस्टर उघडून उभे होते. फोटोवाला उभा होता.

"त्याच्याच," कृष्णनाथ म्हणाला, आणि जिन्नस क्रमांक दोनपुढे सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली.

७

पोचपावतीवर गावाचा शिक्का आणायचा राहिला होता म्हणून आठ दिवसांनी तो वाडगिण्याला गेला. त्या आठ दिवसांत पद्मावतीनं त्याची गादी पडवीत घातली होती. वर्तमानपत्रं पसरून.

देऊळ लहानसं, नवं रंगवलेलं. वेताळ आपल्या जागी उभा होता, अंगावर ताजं तेल आणि त्या तेलाला आत्ताच चार माश्या चिकटलेल्या. पायाशी चांभाराची करकरीत नवी जोडी होती, तिला कुणी हात लावलेला नव्हता. शेजारी जुनी. तिची टाच कागदासारखी पातळ झाली होती.

"शिक्को दितंय," बाबली म्हणाला. "आधी चला माझ्या वांगडा. सीमेवर."

देवळामागं दोनशे पावलांवर गाव संपत होता. आधी तिथं डोंगर होता, आता खाणीचा खड्डा होता. खाली हिरवट-लाल पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग आणि मेलेलं कुत्रं फुगून तरंगत होतं. खड्ड्याच्या कडेनं चिखलाची पायवाट गेली होती.

"अकरा वर्सां हंय कोण फिराक नाय," बाबली म्हणाला. "डोंगर खाल्लो तेंनी. आता बघा."

चिखलात माग होता. मोठ्या, जड पावलांचा, वहाणा घातलेल्या. प्रत्येक पाऊल वीतभर रुतलेलं, डाव्या वहाणेचा एक कोपरा छाटलेला. कृष्णनाथ त्याकडे बघत राहिला. तेवढ्याची त्यानं मनातून तयारी केली होती.

"मागसून बघा," बाबली म्हणाला.

जड पावलांच्या मागून दुसरा माग होता. माणसाचा, अनवाणी. पण अख्खं पाऊल कुठंच नव्हतं. नुसत्या टाचा. टाचेपुढे टाच, टाचेपुढे टाच, बोटं कुठेच टेकलेली नाहीत, जणू चालणाऱ्याला त्या चिखलाची शिसारी येत होती आणि तरी तो चालत होता. तो माग शेणाला वळसा घालून गेला होता. मेलेल्या बेडकाला वळसा घालून गेला होता. एके ठिकाणी तर थांबून गवताच्या पातीला टाच पुसली होती. मग जड पावलांच्या मागं पुन्हा धावत गेला होता, कारण टाचा एकदम लांब लांब पडल्या होत्या.

खड्ड्याला पुरा फेरा घालून ते दोन्ही माग देवळाकडे गेले होते. मग पुन्हा फेरा. आणि पुन्हा.

कृष्णनाथानं खाली बघितलं. तो स्वतः त्या वेळी चिखलात उभा होता, दहाही बोटं वर उचलून.

"तो एकटो फिरा तेव्हा माका वायट वाटा," बाबली म्हणाला. "आता वांगडी गावलो." त्यानं कमरेच्या पिशवीतून शिक्का काढला, पण कागदावर टेकवला नाही. "अजून सांगतंय, कृष्णनाथबाब. व्हाणा कोणाच्यो ता धन्यान आपल्या तोंडान म्हटल्याबिगर मी त्यो तेच्या पायाकडसून उचलू शकनंय. नियम आसा. तुमच्या कागदाक आसता तसो. तुमी म्हणा, माझ्यो. इतक्याच म्हणा. मी आत्ता आणून दितंय."

वारा आला, आणि खड्ड्यातून फुगलेल्या कुत्र्याचा वास वर आला. कृष्णनाथानं रुमाल नाकाला लावला. रुमालातही तोच वास होता. चार महिने. त्यातले आठ दिवस तर गेलेच होते.

"त्याच्याच आहेत," तो रुमालातून म्हणाला. "शिक्का मारा."

बाबलीनं शिक्का मारला. शाई पुसली जाऊ नये म्हणून दोनदा फुंकर घातली, आणि कागद त्याच्या हातात दिला.

"मगे निदान सत्री तरी घेवन येत जावा," तो म्हणाला. "आज पावस जोर करतलो."

संध्याकाळी घरी आल्यावर कृष्णनाथानं पोचपावती फायलीत लावली. फाईल पुसली. पद्मावतीनं नेहमीसारखी पाण्याची बाल्दी, साबण आणि ब्रश पडवीत आणून ठेवला आणि दारात लांब उभी राहिली. कृष्णनाथानं बाल्दीकडे बघितलं. मग खुंटीवरची छत्री काढून उशाशी ठेवली आणि तसाच, लाल पायांनी, वर्तमानपत्रांवर आडवा झाला.

"पाय नाही धुतले ते?" पद्मावतीनं विचारलं.

"सकाळी धुवायचेच आहेत," तो म्हणाला.